चोरलेला ताप

बाळकुमला खाडीच्या अंगाला आमचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर पेंढा. वडील दुसऱ्याच्या मिठागरावर राबायचे. मिठागर म्हटलं की लोकांना पांढरे ढीग आठवतात, मला वडिलांचे पाय आठवतात. आठ-आठ महिने खाऱ्या पाण्यात उभं राहून तळव्यांना अशा भेगा पडायच्या की आई त्यांत तेलाच्या चिंध्या भरायची. मिठावरच्या उन्हाची तिरीप सोसून सोसून त्यांचे डोळे चाळिशीतच अधू झाले. मग माझा थोरला भाऊ काथोड, माझा दादा, चौथीतून उठला आणि त्यांच्या जागी मीठ ओढायची फळी धरून उभा राहिला. तो अकरा वर्षांचा होता, मी सहा. पावसाळ्यात मिठागर बंद, तेव्हा घरात आंबील. खाडीत निवटीची मासळी मिळाली तर तो दिवस सणाचा.

अशा घरातून मी बी.ए. झालो. हे फुशारकीनं लिहितोय असं कोणाला वाटलं तर वाटू दे. आमच्या पाड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. ठाण्याच्या एका हायस्कुलात मी गणित आणि इंग्रजी शिकवू लागलो. दोन वर्षं झाली, आणि तिसऱ्या वर्षी खोकला लागला.

दुखणं क्षयाचं होतं. पण क्षयाची औषधं, इंजेक्शनं यांबद्दल मी लिहिणार नाही. ते डॉक्टरांना विचारावं. मला लिहायचंय ते त्याच्या जोडीनं जडलेल्या दुसऱ्या दुखण्याबद्दल. आपणच आपल्याला दिवसभर शिव्या घालत पडायचं, हे ते दुखणं. एक्स-रे फोटोत ते दिसत नाही, म्हणून त्याला कोणी दुखणं म्हणत नाही. पण त्यानंच मला जवळजवळ मारलं होतं.

कल्याणचा फोटो

छातीचा फोटो काढायला दादा मला कल्याणला घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि कंपाउंडरशी इंग्रजीत बोलायला लागले. दोन्ही फुप्फुसं, डावं जास्त, उशीर झालाय, वगैरे. मी समोर बसलोय, मला सगळं कळतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग दादाकडे वळून मोठमोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "ह्याला, छातीचा, रोग, आहे. समजलं का?"

मी फुप्फुसातल्या पोकळीबद्दल इंग्रजीत विचारलं, "कॅव्हिटी किती मोठी आहे?"

डॉक्टर थबकले. "तुम्ही शिकलेले आहात?"

"बी.ए."

"अरे वा. मग आधी यायला हवं होतंत." शिकलेल्यानं आजारी पडणं हा जणू अधिकचा गुन्हा. राग आला, पण त्या रागाखाली लगेच दुसरं काही तरी हललं: खरंच की, मी आधी यायला हवं होतं. माझीच चूक.

बाहेर आल्यावर दादानं विचारलं, "कं बोलला रं तो इंग्रजीत?"

"छातीत थंडी साचलीय म्हणाला."

रोग असल्याचं त्यानं मराठीत ऐकलंच होतं. तरीही मी खोटं सांगितलं, आणि तेही त्याला तोंडावर. माझं पहिलं खोटं ते.

शाळा आणि घर

हेडमास्तरांना कळवायला मी स्वतः गेलो. ते दारातच उभे राहिले, खुर्ची दिली नाही. ते समजू शकतो, रोगच तसा. म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमची जागा ठेवतो. बरे झाल्याचा दाखला आणा." मी आभार मानून वळलो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या लोकांना शिक्षण सोसत नाही. प्रकृतीच वेगळी असते."

आज कोणी असं म्हणालं तर मी काय उत्तर देईन ते माझ्याकडे तयार आहे. त्या दिवशी मी "होय सर" म्हणालो. हे "होय सर" मला त्या खोकल्यापेक्षा महाग पडलं.

घरी वहिनीनं माझं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं. माझ्या समोर उभी राहून तिनं सांगितलं, "भावजी, मना पोरांचा भ्या वाटतं. राग धरू नका." मी राग धरला. आज नाही. दारातून बोलणाऱ्यांच्या त्या दिवसांत समोर येऊन खरं बोलणारी ती एकटी. शेजारचे लोक आमच्या अंगणावरून जाताना नाकाला पदर लावत आणि वर वडिलांना विचारत, "पोराला बालिस्टर करायचा होता ना?"

शाबास

आंबिवलीला उतरून बैलगाडीनं तासभर आत गेलं की टेकडीच्या उतारावर एक आरोग्यधाम होतं. तिथं खाट मिळाली हे नशीब. दिनक्रम असा: पहाटे घंटा, दूध, अंडं, इंजेक्शन, मग उताणं पडून राहायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही. दुपारी जेवण, पुन्हा पडायचं. थुंकीचा झाकणाचा मग उशाशी. संध्याकाळी व्हरांड्यातून समोरच्या रानातली गुरं मोजायची, एवढीच करमणूक.

माणसं कमी, रोगी जास्त. म्हणून शिकलेल्या रोग्यांनी आपला ताप आपणच दिवसातून चारदा घ्यावा आणि खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर आकडा लिहून रेघ जोडावी, असा तिथला रिवाज होता. आमच्या ओळीत थर्मामीटर मिळालेला मी एकटा. मोठे डॉक्टर सोमवारी फेरीला आले की तक्ता बघत. रेघ खाली आलेली दिसली की म्हणत, "शाबास." वर गेलेली दिसली तर काही न बोलता पुढच्या खाटेकडे जात.

चौथीपासून बी.ए.पर्यंत मी एकच गोष्ट शिकलो होतो: कागदावरचा आकडा चांगला असेल तर घरातल्यांच्या कष्टांचं चीज झालं. तिसऱ्या सोमवारी डॉक्टर काही न बोलता पुढे गेले. त्या दुपारी चार वाजता पारा शंभर पॉइंट दोन दाखवत होता. मी नव्व्याण्णव लिहिलं.

पुढच्या सोमवारी "शाबास" मिळालं.

मग मला ते जमू लागलं. एकदम खाली आणायचं नाही, हळूहळू आणायचं, मधेच एखादा दिवस थोडं वर न्यायचं. गणिताचाच मास्तर. दिवाळी जवळ येत होती आणि मला दाखला हवा होता. फसवत कोणाला होतो? माझ्याच फुप्फुसाला. ते मला कळत नव्हतं असं नाही. पण डोक्यात चोवीस तास जे चालू होतं त्यापुढे फुप्फुस काहीच नव्हतं: बाप अधू झाला, दादानं शाळा सोडली, आणि तू गाद्यांवर लोळतोयस. तुझ्या लोकांना शिक्षण सोसत नाही. सिद्ध केलंस.

चांगले विचार करा

रविवारी भेटायला माणसं यायची. माझ्या शाळेतले एक सहकारी दोनदा आले, मोसंबी घेऊन. ते म्हणाले, "मन प्रसन्न ठेवा. चांगले विचार करा. निम्मा आजार मनाचा असतो."

असं सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः करून पाहावं अशी माझी विनंती आहे. शंभर ताप असताना, शेजारच्या खाटेवरचा माणूस काल नेलेला असताना, ठरवून चांगला विचार करून दाखवावा. मी खूप प्रयत्न केला. "मी बरा होणार" असं शंभर वेळा मनात म्हणायचो, आणि एकशेएकाव्या वेळी आतून यायचं, "चांगला विचारसुद्धा धड जमत नाही तुला." म्हणजे आधी रोगात नापास, आता प्रसन्नतेतही नापास. आजाऱ्याला आणखी एक परीक्षा लावून देणाऱ्यांना आपण उपदेश केला असं वाटतं आणि ते आनंदानं घरी जातात.

दुसरे म्हणत, "मनातले असले विचार झटकून टाका." झटकायला ती काय पाल आहे?

दोन फर्लांग

पाचव्या आठवड्यात डॉक्टर माझ्या तक्त्यावर इतके खूश झाले की त्यांनी सकाळी दोन फर्लांग चालायची परवानगी दिली. परवानगीचं हिरवं कार्ड मिळालं. ओळीतले लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी ताठ चाललो. तीन दिवस. चौथ्या दिवशी फाटकाजवळ खोकला आला, तोंडात गरम खारट लागलं, आणि सदऱ्यावर पाहिलं तर रक्त.

पुढचे काही दिवस छातीवर बर्फ. बोलायला बंदी. डॉक्टर खाटेपाशी उभे राहून तक्त्याकडे आणि माझ्याकडे बघत. ताप नाही, आणि रक्त कसं? ते सिस्टरला म्हणाले की औषधं लागू पडत नाहीत असं धरून मला मुंबईला पाठवावं लागेल, फासळ्या कापून फुप्फुस दाबण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. महिन्याभरात.

आता सांगणं भाग होतं. माझ्या खोट्या आकड्यांवरून माझ्या फासळ्या कापायचं ठरत होतं, आणि मी गप्प. बोलायला बंदी होती ही सोय झाली. खरं कारण वेगळंच होतं. सांगितलं की सगळे म्हणणार: पाहा, बी.ए. झाला, पण शेवटी मिठागरावरचाच. फासळ्या गेल्या तरी चालतील, पण हे वाक्य नको. माणूस स्वतःला शिव्या घालता घालता कुठवर जाऊ शकतो ते यावरून समजावं.

सिस्टर

आमच्या वॉर्डची सिस्टर वसईकडची, पन्नाशीची, जाड चष्म्याची. तिला सगळे सिस्टरबाई म्हणत. ती एका दुपारी माझा तक्ता काढून घेऊन खाटेच्या कडेला बसली.

"मास्तर, चौदा वर्षं मी ताप बघते. इतका शहाणा ताप मी बघितला नाही. पायऱ्या उतरल्यासारखा उतरतोय."

मी छताकडे बघितलं.

"बोलू नका. बोलायला बंदी आहे तुम्हाला. मी काय सांगायला जाणार नाही डॉक्टरांना. तुम्ही सांगा. उद्या नाही तर परवा. त्यापुढे मग मी सांगीन."

ती उठली, आणि थर्मामीटर झटकून माझ्या तोंडात दिलं. चार वाजले होते. एकशे एक. तिनं तो आकडा नव्या कोऱ्या तक्त्यावर लिहिला.

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. कागदावर लिहून दिलं, तीन ओळी. ते वाचून लाल झाले. "शिकलेला माणूस असून!" एवढंच म्हणाले आणि गेले. मुंबईला पाठवणं मात्र थांबवलं: अंगात ताप असताना चाललो म्हणून रक्त आलं, दोष औषधाचा नव्हता. औषध तेच ठेवलं, चालणं बंद केलं, थर्मामीटर सिस्टरबाईकडे दिलं.

तीन दिवसांनी तिनं ते परत आणलं. "घ्या. मला वेळ नाही सगळ्यांचे ताप घ्यायला." मग जाता जाता, "चारच्या सुमाराला तोंड का पडतं तुमचं?"

तोवर हळू बोलायची परवानगी मिळाली होती. मी म्हटलं, "विचार येतात."

"कसले?"

"मी नालायक आहे. असले."

मला वाटलं आता ही देवाचं नाव घ्यायला सांगणार. ती म्हणाली, "मग ते पण लिहा की. ताप लिहिता तसे. किती वाजता आला, काय म्हणाला. कमी नका करू, जास्त नका करू. तापाला तुम्ही बरोबर-चूक म्हणता काय? चढला तर चढला म्हणता."

"लिहून काय होणार?"

"मला काय माहीत. मी सिस्टर आहे. खोटा ताप लिहून काय झालं ते माहीत आहे."

पाच वाक्यं

मी लिहू लागलो. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं. पहिले दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली आणि मला अक्षरशः राग आला: हा माझ्यावर दिवसरात्र आरोप करणारा, ज्याला मी एवढा न्यायाधीश समजत होतो, त्याच्याकडे सगळी मिळून पाच वाक्यं होती. पाच. फिरून फिरून तीच. एखाद्या विद्यार्थ्यानं पाच वाक्यांवर वर्ष काढलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

आणि ती यायची कधी? बहुतेक चार वाजता, ताप चढताना. आणि रविवारी मोसंबीवाले सहकारी येऊन गेले की. सकाळी ताप नसताना तीच वाक्यं एक तर यायची नाहीत, नाही तर येऊन जायची. सत्याला कधी घड्याळ असतं?

मग मी प्रत्येकापुढे लिहिलं, हे मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं. "तुमच्या लोकांना शिक्षण सोसत नाही", हेडमास्तर. "भाऊ राबतो नि हा सावलीत", मिठागरावरचा मुकादम, मी पाचवीत असताना. "कॉलेजात जाऊन काय दिवे लावलेस", शेजारी. म्हणजे मी माझ्या डोक्यात या लोकांना फुकट राहायला जागा दिली होती, आणि वर त्यांचं बोलणं माझ्या आवाजात मीच त्यांच्या वतीनं बोलत होतो. ते तिकडे सुखानं जेवत असतील, मी इकडे त्यांचं काम करतोय. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्या संतापानं मला बरं वाटलं हेही लिहून ठेवतो.

चौथं वाक्य माझं स्वतःचं: "तू खोटारडा आहेस." ते खरं होतं. मी खोटे आकडे लिहिले होते. म्हणून त्याला मी हसण्यावारी नेलं नाही. पण मी कबुली दिली होती, निस्तरलंही होतं, तरी ते रोज येतच राहिलं. तेव्हा कळलं की त्याला माझ्या कबुलीशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त यायचं होतं.

पाचवं: "दादाची शाळा तू खाल्लीस." याच्यापुढे मी दादाचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तो असं कधी म्हणाला होता का, हे मला आठवेना. चार वाजले की मात्र ते वाक्य मला त्याच्याच आवाजात स्पष्ट ऐकू येई.

दादा

दादा महिन्यातून एकदा यायचा. मिठागराचा हंगाम सुरू झालेला, रजा मिळायची नाही, तरी यायचा. डब्यात आईनं दिलेले बोंबील असायचे, जे मला खायची बंदी होती आणि जे तो माझ्यासमोर बसून खायचा.

"दादा, एक विचारू? खरं सांग."

"इच्यार ना."

"माझ्यामुळे तुझी शाळा गेली, असं तू मला कधी म्हणालास?"

त्यानं बोंबील खाली ठेवला. "नाय. तुना कोन बोलला आसा?"

"कोणी नाही. मला वाटतं तू म्हणालास."

"बोललू नाय." मग समोरच्या गुरांकडे बघत तो म्हणाला, "पन वाटलं व्हतं. एकदा. तू म्याट्रिक झालास, बानं पाड्यात साखर वाटली ना, तवा वाटलं. मी बी झालू असतू."

म्हणजे ते खरंच होतं. मी विचारलं, "मग?"

"मंग कं?"

"मग काय केलंस?"

"कं करायचा? वाटलं नि गेलं. गाडी भरायची व्हती." त्यानं बोंबील पुन्हा उचलला. "तुना कं वाटतं, मना कायच वाटत नाय? मना रोज धा गोष्टी वाटतात. मुकादमाचे डोस्क्यात फळी घालावी आसा बी वाटतं. घातली कं मी?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसायला लागला आणि त्याला खोकला आला. सिस्टरबाई धावत आली आणि तिनं दादाला बोंबलासकट बाहेर काढलं.

मी पडून राहिलो. कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकलो होतो. त्या चार वर्षांत मला कोणी हे सांगितलं नव्हतं की डोक्यात आलेली गोष्ट खरी असो की खोटी, तिच्यापुढे उठून उभं राहायचं बंधन आपल्यावर नाही. दादाच्या मनात ती खरी आली होती. त्यानं तिला खोटी म्हटलं नाही, झटकली नाही, तिच्या जागी चांगला विचार आणून बसवला नाही. येऊ दिली, आणि गाडी भरली. आणि मी, शिकलेला, दर वेळी "होय सर" म्हणत होतो.

पुढे

त्यानंतर वाक्यं बंद झाली असं मी म्हटलं तर ते पुन्हा खोट्या तापासारखंच होईल. ती येतात. मी त्यांच्याशी भांडत नाही, कारण भांडताना चारचे सहा वाजतात आणि जिंकतात तीच. "आलं, तिसरं" असं लिहायचं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचं. खाटेवरच्या माणसाला काम कसलं, असं कोणी विचारील. दूध संपवणं हे काम असतं. डाव्या कुशीवर तास काढणं हे काम असतं.

दिवाळीनंतर शाळेचं कार्ड आलं: जागा भरली आहे. दिलेला शब्द मोडला त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या दिवशी पाचही वाक्यं एकदम आली, ताप नसताना आली. मी पाचही लिहिली आणि दूध प्यायलो. तासाभरानं मला रडू आलं, ते नोकरीचं होतं. माझ्या नालायकीचं नव्हतं. हा फरक ज्याला कळतो त्याला तो केवढा मोठा असतो ते सांगावं लागत नाही.

हे वाचणारा कोणी आत्ता खाटेवर असेल तर त्याला एवढंच सांगतो: आपला ताप चोरू नका, अंगातलाही आणि डोक्यातलाही. आणि प्रसन्न राहायला सांगणाऱ्यांना मोसंबी ठेवून जायला सांगा.

तेवीस महिन्यांनी माझी थुंकी सलग तीन वेळा स्वच्छ आली आणि मी घरी आलो. वर्षभर घरी बसून शिकवण्या केल्या. मग डोंबिवलीच्या एका नव्या शाळेत अर्ज केला. अर्जात "पूर्वीचा आजार" या रकान्यात "क्षय, दोन्ही फुप्फुसं, आता बरा" असं लिहिलं. चालकांनी दोन महिने लावले, दोन दाखले मागितले आणि मला घेतलं. या शाळेत माझं हे तिसरं वर्ष आहे. मी पूर्ण वेळ गणित शिकवतो.